अकरा पॉइंट दोन

रिकामा रकाना तुम्हाला चालत नव्हता, साहेब. खोटा चालत होता. तुमच्या मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये गरोदर बाईच्या रक्ताचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा, आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं, आणि तो आकडा काढायच्या पट्ट्या तुम्ही तीन महिने पाठवल्या नाहीत. ‘पट्टी नाही’ असं लिहायला तिथं जागाच नव्हती. माहीत नव्हतं म्हणू नका. बेबीताईनं दोनदा अर्ज दिला होता.

पण बेबीताईची शरम तुमच्यावर ढकलून हलकी होत नाही. ती नेर तालुक्यातल्या एका गावाची आशा सेविका. गाव आणि गावाला लागून असलेला तांडा, दोन्ही तिच्याकडे. पट्ट्या संपल्या तशी ती बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, नखं बघायची आणि आकडा टाकायची. सगळ्याच आशा तेच करत होत्या. साडेदहा ते साडेअकराच्या मधलं, बिनधोक दिसणारं काहीतरी. सातच्या खाली टाकलं की दुसरा फॉर्म उघडायचा: बाईला घेऊन मोठ्या दवाखान्यात जा, फोटो टाका, उशीर का झाला ते लिहा. काहीच नाही टाकलं तर संध्याकाळी ग्रुपवर लाल अक्षरात नाव. मोबाईल घरात सगळेच बघायचे; लाल अक्षरातलं नाव नवऱ्यालाही दिसायचं, जावेलाही.

तांड्यावरच्या पुष्पाला आठवा महिना लागला होता. बेबीताई गेली तेव्हा ती नुकतीच कापूस वेचून येऊन ओट्यावर टेकली होती. बेबीताईनं पापणी ओढली. पुष्पाची सासू भुरीबाई बाजूलाच होती.

“डोयात काय पाह्यता वो बेबीताई, माही सून काही लपवून नाही राह्यली.”

“लपवतेच ना. दम लागते का वो पुष्पा?”

“चढावर लागते थोडासा.”

“माह्यावाल्या टायमाले मी आठव्या महिन्यात मोळी आणत होतो,” भुरीबाई म्हणाली आणि हसली. बेबीताईही हसली. पापणी आतून धुतलेल्या फडक्यासारखी पांढरी होती. ते तिनं पाहिलं होतं. पाहून तिनं अकरा पॉइंट दोन टाकलं. गोळ्या दिल्या, गूळ-शेंगदाणे खा म्हणाली, आणि पट्ट्या आल्या की सुधारून टाकू असं मनाशी ठरवून घरी गेली. पट्ट्या आल्या नाहीत. महिना संपला तसा फॉर्म बंद झाला.

त्याच महिन्यात तुम्ही गाव आणि दवाखाना जोडला. आशानं गावात टाकलेलं थेट दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर दिसू लागलं. चांगलंच होतं ते. कळंबला माहेरी गेलेल्या एका बाईला तिथं झटके आले, तेव्हा तिचा चढता बीपी तिथल्या डॉक्टरला लगेच दिसला आणि बाई वाचली. पण एक गोष्ट तुम्ही कोणाला विचारली नाही. आधी दवाखान्यातल्या सिस्टरचा आशांच्या वहीवर काडीचा भरवसा नव्हता. “तुमचं ठेवा तिकडं,” म्हणायची आणि स्वतः बोट टोचायची. आता वहीतला तोच आकडा हिरवी खूण लावून पडद्यावर आला, आणि सिस्टरनं टोचणं सोडलं. दवाखान्यात पट्ट्या मोजक्याच. ज्यांचा आकडा दिसत नाही त्यांच्यासाठी त्या राखून ठेवलेल्या.

कळा लागलेल्या पुष्पाला दवाखान्यात आणलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बेबीताई संगं आलीच. आत डॉक्टर म्याडमनं विचारलं, “हिमोग्लोबिन?”

“अकरा पॉइंट दोन, म्याडम. मागच्या महिन्याचं.”

“मग यवतमाळला कशाला पाठवायचं? इथंच करू.”

बेबीताई दारात उभी होती. पुष्पाची पिशवी तिच्या हातात. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ती पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधत राहिली. मागून भुरीबाई आपल्या पोराला सांगत होती, “लखन, तू बस बरं गुपचूप. बेबीताई हायेत ना संगं.”

बेबीताई बाहेर गेली, पाणी प्याली, परत आली. मनाशी म्हणाली, सगळ्याच तर टाकतात. म्हणाली, कदाचित असेलही दहा-अकरा. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले. आतून पुष्पा ओरडली, “याडी ये!” आईला हाक मारली पोरीनं. तेव्हा बेबीताई आत शिरली.

“म्याडम, तो आकडा मी मनानं टाकला.”

म्याडमनं सिस्टरला खूण केली. सिस्टरनं बोट टोचलं. पाच पॉइंट आठ.

“मघापासून दारातच होत्या ना तुम्ही? काहून बोलल्या नाही?” सिस्टर म्हणाली.

गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली. शहर सात-आठ किलोमीटर राहिलं असताना पोरगी झाली आणि पुष्पाचं रक्त थांबेना. सव्वा तास आधी निघाले असते तर ती त्या वेळी रक्ताच्या बाटलीखाली असती. पोरगी जगली. पुष्पाही जगली, चार बाटल्या देऊन आणि गर्भाशय काढून. वय एकवीस.

घरी आल्यावर भुरीबाईनं चारचौघींसमोर बेबीताईच्या पायाला हात लावला. “तुम्ही बोलल्या म्हणून वाचली माही सून.”

शिव्या दिल्या असत्या तर बेबीताईनं खाल्ल्या असत्या. हे तिला गिळवलं नाही. “पाया नका पडू, भुरीबाई. तो खोटा आकडा माह्याच हातचा. अन् तिथंबी मी सव्वा घंटा चूप होतो.”

भुरीबाईनं हात मागं घेतला. पोरीच्या झोळीला एक झोका दिला. मग हळूच म्हणाली, “अन् आमच्या तांड्यावरच्या जमनीचं कोणी लिवलं? तीबी पोटुशीच हाये.”

पुढच्या आढावा बैठकीत तुम्ही भिंतीवर आलेख दाखवला, साहेब. गावचे आणि दवाखान्याचे आकडे शंभर टक्के जुळले, म्हणालात. बेबीताई उभी राहिली.

“जुळतीनच, साहेब. हिकडूनबी माह्याच डोक्यातला अन् तिकडूनबी माह्याच डोक्यातला.”

मागच्या रांगेत दोघी हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

“माह्याकडं नऊ बाया हायेत. नऊच्या नऊ आकडे खोटे. पुसून द्या.”

“महिना बंद झाल्यावर बदल होत नाही,” तुम्ही म्हणालात. “आणि हे लेखी दिलं तर कारवाई तुमच्यावरच होईल, समजलं? बसा.”

“करा कारवाई. माही चुकी हाये, मी नाही म्हणतच नाही.” तिनं आजूबाजूला पाहिलं. तीस आशा, तीस माना खाली. “पण जमनीचे दिवस पुढच्या आठवड्यात भरते. ती आली की तुमचा कॉम्प्युटर तिले धडधाकट म्हणीन. मले तुम्ही काढून टाकलं अन् मी त्या दारात नसली, त हे खोटं हाये म्हणून सिस्टरले कोण सांगीन? माणसाचं नाव सांगा, साहेब. तुम्ही सांगेपर्यंत मी बसत नाही.”