दोन डाव्या बाह्या

त्या शिवणखात्यात प्रत्येक बाईच्या दोऱ्याचा रंग वेगळा असे. शर्ट शिवून झाला की कॉलरच्या आत त्या रंगाची बारीक गाठ मारायची, म्हणजे बिघडलेला शर्ट ज्या हातचा त्याच हाती परत येई. धाकटीचा दोरा जांभळा होता. केस पिकायला लागले तरी ती धाकटीच, कारण जेवायला एकत्र बसणाऱ्या चौघींत ती सगळ्यांत शेवटी आलेली. चौघीही एकाच चर्चच्या. रविवारी जी आधी पोचेल तिनं बाकावर पिशव्या ठेवून बाकीच्यांची जागा धरायची. भाड्याच्या खोलीत एकटी राहणाऱ्या धाकटीला ती धरलेली जागा म्हणजे माहेरच होतं.

खिडकीपाशी एक बाई एकटीच बसे. कामापुरतं बोले, म्हणून तिला सगळ्या घुमी म्हणत. तिचा दोरा हिरवा.

चौघींतल्या मोठ्या त्या ताई. प्रार्थनेत त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. एकदा बाह्यांचे गठ्ठे उचलताना त्यांची गफलत झाली आणि ढीगभर शर्टांना दोन्ही बाह्या डाव्याच बसल्या. काम तपासणारे मास्तर यायच्या आत ताईंनी कॉलरमधल्या आपल्या पिवळ्या गाठी उसवल्या आणि हिरव्या मारल्या. धाकटी समोरच्याच मशीनवर होती.

"बघतेस काय अशी?" ताई पुटपुटल्या. "मला पोरंबाळं आहेत. तिच्यामागे कोण आहे खाणारं?"

मास्तरांनी शर्ट घुमीपुढे टाकले. तिनं कॉलर उलटून पाहिली.

"गाठ माझी नाही."

"मग काय भुतानं मारली? हा आठवडा पुरा कर, पुढे येऊ नकोस."

सगळ्या हसल्या. त्यांच्याबरोबर धाकटीही हसली. हसून झाल्यावर तिला सुई दिसेना.

रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बाकावरून फिरत आलं. धाकटीनं ते तसंच पुढे सरकवलं.

"काय गं, दात दुखतोय?" ताई कुजबुजल्या.

"नाही. घास उतरायचा नाही."

त्या रात्री खोलीत तिनं प्रार्थना करून पाहिली. शब्द तोंडात येत, पण मधेच ते हसू आठवे.

सोमवारी मशीन सुरू व्हायच्या आधीच ती मास्तरांपुढे उभी राहिली. ताईंच्या देखत.

"त्या गाठी घुमीच्या नाहीत. ताईंनी मारल्या. मी पाहिलं, आणि वर हसलेही."

"अस्तनीतला निखारा निघालीस गं!" ताई म्हणाल्या. "एका बाकावर बसवलं तुला!"

घुमीचं काम राहिलं. ताईंचंही राहिलं, फक्त चुकलेल्या बाह्या त्यांना उसवून पुन्हा लावायच्या होत्या. त्या दिवशी शिवणखात्यात उसवण्याचाच आवाज जास्त होता.

जेवायच्या सुट्टीत धाकटीच्या स्टुलावर तिघींच्या पिशव्या होत्या. ती डबा घेऊन क्षणभर उभी राहिली, मग खिडकीकडे गेली.

"इथं दुपारचं ऊन येतं डोळ्यांवर," घुमी म्हणाली.

"चालेल."

"आणि मी फारशी बोलत नाही."

"तेही चालेल."

घुमीनं आपलं स्टूल थोडं सरकवलं. दोघी बाहेर बघत जेवल्या.

पुढच्या रविवारी बाकावर पिशव्या होत्या, पण तिच्यासाठी जागा नव्हती. धाकटी मागे, खांबाआड बसली. शेजारी कोणी नव्हतं. गाणं सुरू झालं तेव्हा पुढून ताईंचा आवाज ओळखू आला आणि तिचे डोळे भरले. मग ताट आलं. तिनं भाकरीचा तुकडा उचलला. घास सावकाश, पण उतरला.