आत आम्ही दोघीच होतो

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. बाथरूमच्या दाराला आतून बसवलेली. पेचकस दिसला की अजूनही माझी गाळण उडते. का, ते सांगते.

मी या घरी आले तेव्हा आजोबा कौतुकाने म्हणाले, "कडी कसली, पहारेकरीण आहे!" मी फुगले. पुढे वर्षानुवर्षं नुसती वाफ खाल्ली, तेलाचा थेंब काही कुणी दिला नाही. अंगाला गंज चढला.

आणि एक दिवस सहा वर्षांची ढमी आत असताना मी अडकले. ती रडत ओढत होती. मी तसूभर हलले नाही. शेवटी सुतारकाकांनी बाहेरून बिजागऱ्या काढून दार उतरवलं. तेव्हापासून ढमी घरातलं एकही दार लावू देईना. दार परत बसवताना सुतारकाका मला म्हणाले, "रविवारी तुला उपटतोच."

ढमीची भीती जावी म्हणून आई त्या दिवसाची गोष्ट लिहू लागली. धुण्याचं मशीन फिरून थांबेपर्यंत, माझ्याच दाराशी बसून. आधी स्वतःच्या तोंडून लिहिली.

"तू तर बाहेर होतीस," ढमी म्हणाली. "आतलं तुला काय माहीत?"

आईने पान फाडलं. मग सगळ्यांच्या मनातलं जाणणारा कुणीतरी सांगतोय, अशी लिहिली.

"त्याला सगळं माहीत होतं, मग दार का नाही उघडलं?"

"अगं शहाणे, गोष्टीत तसंच असतं."

"मग नको ती गोष्ट."

दुसरं पानही गेलं. "बरं बाई, तूच सांग, मी लिहिते," आई म्हणाली. ढमीने नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे बोट केलं. "हिला सांगू दे. आत आम्ही दोघीच होतो."

मी? जिने कोंडलं, तिनेच सांगायचं? आईने माझ्या गंजावरून बोट फिरवलं. मग लिहून तिने वाचलं, "ढमीला वाटलं, मी हट्टाने अडून बसलेय. पण मला सुटता येत नव्हतं. मीही घाबरले होते."

ढमीने मला हळूच हात लावला. "तूपण?"

रविवारी सुतारकाका पेचकस घेऊन आले. "काढू ना ही म्हातारी?"

ढमी दारात आडवी उभी. "आधी तिला तेल द्या!"

तेल मिळालं. ढमी एकटी आत आली, दार ओढलं. मला दोन्ही हातांनी ढकललं. सरकले. परतही सरकले. तिने मला पुन्हा लावलं.

"आई, बाहेर आहेस ना?"

"आहे गं."

"मग जा आता."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी कडी करकरत असेल. तिला वेळेवर दोन थेंब तेल द्या. तिलाही भीती वाटते.