शेवटची किटली

सकाळी सातला डेअरीच्या ओट्यावर एवढी माणसं जमली होती, की टँकरच्या ड्रायव्हरला वाटलं, गावात कुणीतरी गेलं. गेलं कुणीच नव्हतं. दूध मोजून पावती देणारं मशीन बंद पडलं होतं आणि ते उठवायला लोणावळ्याहून प्रदीप महाराज पुन्हा आले होते.

महाराजांनी मशीनवर पांढरं कापड टाकलं, टेबल पार खालपर्यंत झाकलं. बाटलीतलं पाणी शिंपडलं, उदबत्त्यांचा जुडगा ओवाळला आणि खाली बसून दोन्ही हात कापडाखाली घातले.

"संगणकाला दोन देह असतात," ते डोळे मिटून म्हणाले. "हार्डवेअर हा स्थूल देह आणि सॉफ्टवेअर हा सूक्ष्म देह. अपडेट म्हणजे काय? सूक्ष्म देहानं जुनं वस्त्र टाकून नवं नेसायचं. वस्त्र बदलताना जीव उघडा पडतो. नेमकी तेव्हाच बाधा आत शिरते!"

"आयका, नीट आयका," चेअरमन कैलासभाऊ म्हणाले. त्यांना स्वतःला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं, पण चेअरमनला तसं दाखवून चालत नाही.

महाराज बराच वेळ पुटपुटत राहिले. मग कापडाखालून 'टिंग' असा आवाज आला, महाराजांनी कापड ओढलं आणि काळ्या पडद्यावर आकडे उमटलेले दिसले. बायकांनी हात जोडले. कुणीतरी नारळ पुढे केला, तो महाराजांनी न बघताच घेतला. न बघता नारळ घेण्याचा त्यांना चांगलाच सराव होता.

गर्दीच्या मागे स्कूटरची किल्ली हातात घेऊन सारिका उभी होती. ती वराळ्याची. मशीन विकणाऱ्या कंपनीत नोकरीला, आणि मावळातल्या डेअऱ्यांची दुरुस्ती तिच्याकडे. पावसाळा संपता संपता तिनंच या मशीनमध्ये अपडेट टाकला होता. तेव्हापासून रोज सकाळी रांग संपत आली की मशीन अडकायचं. तिनं कंपनीला कळवलं. कंपनी म्हणाली, पुढच्या अपडेटमध्ये ठीक होईल. पुढचा अपडेट आला, तोही तिनंच टाकला, आणि मशीन पुन्हा तसंच अडकलं. आता तिला राग येत नव्हता, कंटाळाही येत नव्हता. फक्त कुठंतरी बसावंसं वाटत होतं.

पण आज डेअरीचा सचिव संदेश फोनवर वेगळंच बोलला होता. "ताई, मशीनचं जाऊ द्या. नंदाबाईला काढायला निघालेत."

नंदाबाईंची वाडी वर डोंगराच्या कुशीत. दोन म्हशींचं दूध काढून, किटली घेऊन खाली उतरेपर्यंत रांग संपलेली असायची. त्यांची किटली रोज शेवटची, आणि मशीन रोज त्यांच्यावरच अडकायचं. महाराजांनी पहिल्याच दिवशी ओळखलं, हिची सावली वाईट. त्यांनी तिला डेअरीवर यायला बंदी घातली, आणि ती आली नाही त्या दिवसांत मशीन सुरळीत चाललं! याहून मोठा पुरावा गावाला कशाला हवा? दूध रेडकांना पाजून आणि हॉटेलवाल्याला पडेल भावात देऊन नंदाबाई टेकीला आल्या. आज बंदी मोडून त्या आल्या, संदेशनं दूध घेतलं, आणि मशीन अडकलं.

"सभासदत्व रद्द करा," महाराज कापडाची घडी घालत म्हणाले. "नाहीतर पुढच्या अपडेटला बाधा गावात पसरेल."

नंदाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी कुणी उभं नव्हतं. "मंग म्हशी इकू का?" त्या म्हणाल्या. "सांगा ना, कैलासभाऊ. इकून काय करू मी?"

कैलासभाऊंनी टँकरकडे बघितलं.

सारिका पुढे झाली. "महाराज, बंदीआधी नंदाबाई संध्याकाळीही दूध घालायच्या. तेव्हा मशीन का अडकायचं नाही?"

"संध्याकाळी दिवेलागण होते. बाधा दिव्याला भिते."

"सकाळीही इथं ट्यूब चालूच असते की."

दोन-तीन जण हसले. महाराजांनी डोळे मिटून घेतले.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल, तर ते आपण बघू शकतो," सारिका म्हणाली. "उद्या नंदाबाईंनी पहिली किटली घालायची. आणि शेवटची कैलासभाऊंनी. भाऊ, तुमच्यावर तर कुणाची सावली नाही ना?"

"आमच्यावर कुणाची पडतीय!" कैलासभाऊ मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "घालतो की. हाय काय त्यात!"

"ही देवाची परीक्षा घेणं झालं," महाराज घाईनं म्हणाले.

"मशीन देवाचं नाही, कंपनीचं आहे. देवानं बनवलं असतं तर मला एवढ्या फेऱ्या पडल्या नसत्या."

दुसऱ्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त गर्दी झाली. दूध घालून झालेलेही घरी जाईनात. नंदाबाई अंधारातच डोंगर उतरून आल्या होत्या. त्यांनी पहिली किटली ओतली, मशीन चाललं, पावती निघाली. रांग पुढे सरकत राहिली. शेवटी कैलासभाऊंनी ऐटीत किटली उचलली, दूध ओतलं, आणि पडद्यावरचे आकडे जागच्या जागी थिजले.

सगळे पुढे सरसावून पडद्याकडे बघू लागले.

"अगं बया," रांगेतल्या जैतुनबी म्हणाल्या. "चेअरमनच्याच मागं लागली का वो बाधा?"

मग जे हसू फुटलं, ते टँकरच्या ड्रायव्हरपर्यंत गेलं. कैलासभाऊंचा चेहरा पडला. महाराज कापड घेऊन लगबगीनं पुढे आले.

"कापड राहू द्या, महाराज," सारिका म्हणाली. "आज उघड्यावर करा."

"विधी उघड्यावर होत नसतो."

"मग मी करते." तिनं टेबल पुढे ओढलं. खाली धुळीत एक बॅटरी होती. "संदेश भिंतीवरचं बटण बंद करायचा, पण मशीनला वीज या बॅटरीतूनच जाते, म्हणून भिंतीवरची वीज गेली तरी ते चालूच राहतं. त्यामुळे ते खरं बंद कधी झालंच नाही. महाराज कापडाखालून हात घालून ही वायर काढायचे. बघा." तिनं वायर काढली, थोडं थांबली, पुन्हा लावली. 'टिंग' झालं. ना उदबत्ती, ना मंत्र. "मी काल चौकशी केली, महाराज आधी लोणावळ्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करायचे. मोबाइल अडकला की बॅटरी काढून घालायची, एवढीच यांची सिद्धी."

"पर अडकतं कशानं?" भागुबाईंनी विचारलं. बंदी घाला म्हणून सगळ्यात आधी त्याच ओरडल्या होत्या.

"नव्या अपडेटमध्ये चूक आहे. प्रत्येक किटलीची नोंद पुढे पाठवली तरी मशीन ती पोटातून काढत नाही. सकाळच्या रांगेत शेवटाला पोट भरतं आणि ते अडकतं. मग शेवटी नंदाबाई असोत नाहीतर चेअरमन. नंदाबाई आल्या नाहीत तेव्हा एक किटली कमी पडली, म्हणून चाललं. संध्याकाळी किटल्याच कमी असतात, आणि त्या त्या वेळचा हिशोब मिटला की पोट आपोआप रिकामं होतं."

"मंग हे पयलं का न्हाई सांगितलंस?"

"मला माहीत नव्हतं, मावशी. काल मशीनच्या नोंदी चाळून शोधावं लागलं. आणि 'मला माहीत नाही' म्हणणाऱ्याला कुणी नारळ देत नाही."

महाराज तोवर ओट्याच्या पायऱ्या उतरले होते. "शंका घेणाऱ्यांच्या मशीनची मी हमी देत नाही," असं ते जाता जाता म्हणाले. तशी ती त्यांनी आधीही कधी दिली नव्हती.

सारिकानं संदेशला सांगितलं, कंपनी दुरुस्ती करेपर्यंत रांग निम्मी झाली की वायर काढून घाल. कैलासभाऊ खाकरले. "नंदावैनी, झालं गेलं सोडा. तुमी आता रोज पयल्या येत जावा."

"न्हाई," नंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "पयली आले तर उद्या म्हणाल, ही मागं असली की अडकतं म्हून पुढं घेतली. मी माझ्या टायमाला येणार. आन संदेश, उद्याचा एक दिस मधी वायर काढू नगंस. अडकू दे. माझ्यावरच अडकू दे. मला बघायचंय, तुमी समदे कुटं बघता ते."

सारिकाला दुसऱ्या दिवशी आंबीच्या डेअरीला जायचं होतं. तरी ती आधी इथं आली. रांग संपली, नंदाबाई डोंगर उतरून आल्या, त्यांनी दूध ओतलं. मशीन अडकलं. आणि सगळं कळूनही, सगळ्यांच्या माना आधी नंदाबाईंकडेच वळल्या. ते बघून सारिकाला वाटलं, आपण हरलो.

मग कैलासभाऊ गुडघ्यावर हात टेकून खाली बसले. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानिशी टेबलाखाली शिरले, वायर काढली, लावली. "झालं का बघ रं, संदेश," ते आतूनच म्हणाले. 'टिंग' झालं. भागुबाई दोन पावलं सरकून नंदाबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

यंत्रं बिघडतच राहणार. नवे अपडेट येणार, त्यांत नव्या चुका असणार, आणि त्या शोधायला सारिकासारखं कुणीतरी दमून भागून पुन्हा येणार. त्याला इलाज नाही. पण बिघाडाचं खापर एखाद्या बाईच्या डोक्यावर फोडण्याआधी माणसानं एकदा टेबलाखाली वाकून बघावं. गुडघे दुखतात, कपडे मळतात, पण एवढं तरी करावं.