शेवटचा फर्मा

बाइंडरकाकांनी पिवळी पडलेली सोळा पानं ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ती बंगल्यातल्या खुनाची कादंबरी काढा. उसवायचीय."

"अहो काका, आधी बसा तरी."

"बसतो कसला, तोंड दाखवायला जागा राहिली नाही. काल दुकान आवरताना पुस्तकं दाबायच्या शिकंज्यामागे हा सोळा पानी फर्मा सापडला. हिचा शेवटचा! त्या दिवशी दोन रहस्यकथा एकदम शिवायला होत्या. हिला मी त्या दुसरीचा शेवट शिवलाय. बावीस वर्षं झाली, बाई!"

"आणि ती दुसरी?"

"ती बिनशेवटाचीच राहिली आणि केव्हाच रद्दीत गेली, सुटली बिचारी."

माझ्या हातून पान इकडचं तिकडं व्हायचं नाही, असं ते आयुष्यभर छाती काढून सांगत आले होते. आता दुकानाला कायमचं कुलूप लागायच्या वेळी हे निघालं, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

बाईंनी कादंबरी काढली, पण हातात दिली नाही. मागची जादा पानं उघडून त्यांच्यापुढे धरली. या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाला अशी कोरी पानं शिवून घेत. वाचकांनी तिथे अभिप्राय लिहायचा आणि खाली नावाऐवजी सभासद क्रमांक टाकायचा. रहस्यकथेला एकच अट होती, खुनी कोण ते लिहायचं नाही.

काका वाचू लागले.

'खुनी सांगत नाही. पण तो आधी कुठेच दिसत नाही, हेच लेखकाचं कसब!'

'बंगल्यातून एकदम जहाजावर! मानलं बुवा.'

'शेवट तीनदा वाचला. काहीही कळलं नाही. अप्रतिम.'

"अरे देवा," काका म्हणाले. "एवढ्या लोकांत एकालाही शंका येऊ नये?"

"लोक रहस्यकथा वाचतात, काका. कळलं नाही की लेखक थोर, असंच समजतात."

काकांना हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. "तरी उसवतोच. मला झोप लागायची नाही."

"हे एवढं वाचा, मग खुशाल उसवा." बाईंनी पान उलटलं.

तळाशी पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'शेवट भलत्याच पुस्तकाचा आहे. हे आमच्या ह्यांचं काम. बाई, कृपा करून त्यांना सांगू नका, जेवण सोडतील. शिवण मात्र बघा, कशी बसलीये!'

खालचा सभासद क्रमांक काकांनी वाचलाही नाही. बायकोचं अक्षर ओळखायला त्यांना नंबर लागत नव्हता. तिला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"लिहिलं त्याच दिवशी वाचलं. तिला शब्द दिला होता."

काका खुर्चीत बसले. रोज जेवताना ते तिला म्हणायचे, चाळीस वर्षांत माझी एक चूक दाखव. आणि ती ताटात वाढता वाढता म्हणायची, छे हो, तुमची कसली चूक!

"लबाड," ते म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने कितीतरी वेळ पुसत राहिले.

बाईंनी ती सोळा पानं उचलून विचारलं, "मग, उसवता?"

"छे," काका म्हणाले. "कादंबरी अशीच घरी नेतो. वाचतो एकदा. तिच्या नंबरावर मिळेल ना?"