उजवी रांग

"पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल, तर आत्ताच सांग," मॅडम म्हणाल्या. "मी रागावणार नाही. पण मागाहून कळलं तर मात्र..."

"नाही झाली, मॅडम. तीनदा ताडून पाहिल्यात." संशोधन करणाऱ्या मुलीचा आवाज चिरकला.

काका दाराशी भुशाची गोणी उतरवत होते. ती तशीच खांद्यावर राहिली.

प्रयोगशाळेच्या प्राणिघरात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. मॅडमचं संशोधन मेंदूवर. मेंदूत एकदा बसलेली भीती पुसता येते का, हा त्यांचा प्रश्न. घंटा वाजली की पायाला विजेचा हलका झटका, असं चार दिवस केलं की उंदीर नुसत्या घंटेनेही थिजायचा. मग झटका बंद करून, घंटेला तो किती सेकंद थिजतो ते मुलगी रोज मोजायची. डाव्या रांगेतल्या पिंजऱ्यांत चाकं होती, बोगदे होते, शिड्या होत्या. उजव्या रांगेत एकेकटा उंदीर आणि खाली नुसता भुसा. डावी रांग लवकर विसरेल, उजवी विसरणार नाही, असा मॅडमचा अंदाज. पण उजवी रांगही तितक्याच लवकर विसरली होती. म्हणजे कुणीतरी घोळ घातला होता, आणि तो मुलीच्या माथी बसत होता. तिची तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

घोळ कुणाचा, हे काकांना ठाऊक होतं.

"मग सांगून टाका की," संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली.

"दीड वर्ष राहिलंय माझं. काढून टाकलं तर?"

"तर बसा घरी. निदान घराला तरी कळेल, तुम्हाला लाड करता येतात ते. पोराला कधी मांडीवर घेतलं नाहीत. तुमचे बूट जिन्यात वाजले की भिंतीला चिकटून उभं राहायचं लेकरू. आणि उंदरांना गोंजारताय!"

मुलगा आता तिशी ओलांडून गेला होता. फोन करायचा तो आईला.

सकाळी मुलगी यायच्या आत बोलावं असं त्यांनी ठरवलं होतं, पण ती आधीच येऊन बसली होती. मग तिच्यासमोरच बोलले.

"ताईंची चूक नाही, मॅडम. माझी आहे."

"काय केलंत, काका?"

"भुसा बदलताना उजवीकडचे मी हातात घेतो. जरा वेळ. डावीकडच्यांना खेळायला तरी असतं. ह्यांना काहीच नाही. बघवत नाही हो."

"रोज?"

"रोजच. रविवारीसुद्धा येऊन जातो."

मुलगी खुदकन हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. मॅडमनी मात्र खिशातून सेकंद मोजायचं घड्याळ काढलं.

"दाखवा."

काकांनी पिंजरा उघडला. उंदीर आपणहून तळहातावर चढला. काकांचा अंगठा त्याच्या कानामागून पाठीवर सावकाश फिरू लागला. उंदराने डोळे अर्धवट मिटले.

"दोन मिनिटं," काकांनी उंदीर परत ठेवल्यावर घड्याळ बघून मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्ही माझी तीन वर्षं बिघडवलीत."

"होय, मॅडम."

"आणि माझ्या त्या सगळ्या चाकांचं आणि शिड्यांचं काम तुमचा एक अंगठा करतोय, असं दिसतंय." त्या स्टुलावर बसल्या. "आता हेच नीट मोजावं लागेल."

महिन्याभरात नवे उंदीर आले. आता खेळणी कुणालाच नव्हती. भिंतीवर सूचना लागली: डावी रांग, काकांनी रोज दोन मिनिटं हातात घ्यायचं. उजवी रांग, कुणीही हात लावायचा नाही.

"चुकूनसुद्धा नाही हं, काका," मुलगी म्हणाली. "शप्पथ?"

"शप्पथ कशाला? सांगितलं ना."

सांगितल्याप्रमाणे ते वागले. उजवीकडे भुसा बदलताना आत प्लॅस्टिकची नळी ठेवायची, उंदीर तिच्यात शिरला की नळीसकट उचलायचा. तीन आठवड्यांत डावी रांग त्यांची चाहूल लागताच जाळीशी उभी राहू लागली. मुलीच्या वहीत दोन्ही रांगांचे आकडे वेगळे पडत चालले. ती आता गुणगुणत काम करायची.

एके दिवशी काका उजव्या रांगेकडे वळले, तर पहिल्याच पिंजऱ्यातला उंदीर सरकत सरकत मागच्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीला चिकटून थिजला. घंटा वाजली नव्हती. नुसते बूट वाजले होते. सव्वीस वर्षांत त्यांना बघून उंदीर कधी पळाला नव्हता.

काकांनी हातातली नळी बाजूला ठेवली. मग बूट काढून ठेवावेत म्हणून खाली वाकले. एका पायाची लेस सोडलीही. तेव्हा आठवलं, दोन्ही रांगांना बाकी सगळं सारखंच हवं.

काकांनी लेस पुन्हा बांधली. उंदीर आपणहून नळीत शिरेपर्यंत वाट पाहिली, भुसा बदलला, तक्त्यावर ‘हात लावला नाही’ पुढे खूण केली. आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जाताना पाऊल रोजच्यासारखंच टाकलं.