उलटं बसवलेलं सील

माझ्या पिकअपच्या मागच्या डाव्या चाकातून तेल गळायला लागलं, तेव्हा मला आनंद झाला. गाडी चालवून पोट भरणाऱ्याने असं बोलू नये, पण झाला. मी नळकाम करतो. पाइप, हत्यारं, सगळा संसार त्या गाडीत असतो. तरी चाकामागे तेलाचा ओघळ दिसला आणि वाटलं, देव पावला.

कारण दादा. माझा थोरला भाऊ, चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा. गेल्या वर्षापासून तो विसरायला लागला. आधी चष्मा, मग गिऱ्हाइकांची नावं, आणि एकदा चाकाचे बोल्ट आवळायचे. नशीब, ती गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही. वहिनीने घराला लागून असलेल्या वर्कशॉपचं शटर ओढलं. आता त्याची मुलगी आठ दिवसांची रजा काढून आली होती. हत्यारं विकायची आणि त्याला पाचव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं, असं तिने ठरवलं होतं.

"बाबांच्या हातून एक काम नीट झालेलं दाखवा, काका," ती म्हणाली होती. "मी गुपचूप परत जाते."

दादा हत्यारांशिवाय महिनाभर टिकणार नाही, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत असावं. पण तिचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना.

शनिवारी दुपारी गाडी वर्कशॉपमध्ये लावली. आमच्या घराचा नियम असा की आपल्या गाडीला बाहेरचा हात लागत नाही. चाक, ब्रेक, हब मी खोलायचं आणि तेल अडवणारं सील दादाने बसवायचं असं ठरलं. मला घरात ठोक्या म्हणतात, कारण लहानपणापासून माझ्या हातात हातोडी आली की वस्तूचं काही खरं नसतं. नाजूक काम त्याचंच.

एक्सलचा दांडा त्याने असा अलगद ओढून काढला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जुनं सील चिरलेलं होतं. मी नवीन दोन आणली होती, एक डाव्या बाजूसाठी, एक पुढेमागे उजवीकडे लागलं तर. त्यातलं एक त्याच्या हातात दिलं. रबराची कडी ती, एका बाजूला आतून बारीक स्प्रिंग असते. स्प्रिंग तेलाकडे. मी सोळा वर्षांचा असताना त्यानेच हे माझ्या डोक्यात टपली मारून भरलं होतं.

दादाने सील उलटंपालटं करून पाहिलं. परत उलटलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला नीट कळलं, आणि मी मान खाली घालून चाकाचे बोल्ट पुसत बसलो. दारात त्याची मुलगी उभी होती. तिच्यादेखत मी थोरल्या भावाला सील कसं धरायचं ते सांगणार? आयुष्यात मी त्याला कधी काही सांगितलेलं नाही.

त्याने स्प्रिंग बाहेर ठेवून सील बसवलं. चारी बाजूंनी हलके ठोके, एकसारखे. काम सुंदर झालं होतं आणि साफ चुकलं होतं.

"झालं," तो म्हणाला.

"मस्त, दादा," मी म्हणालो. तेल भरलं, चाक चढवलं. त्याची मुलगी मान हलवून घरात गेली. मनात म्हटलं, पहाटे येतो, कुणी उठायच्या आत उरलेलं सील सुलटं बसवतो, कुणाला पत्ता लागायचा नाही. मला स्वतःची हुशारी वाटली, हे लपवत नाही.

रविवारी पहाटे गेलो तर चाकाखाली फरशीवर बशीएवढा डाग होता. मी चाक काढलं, हब काढला, दांडा बाहेर घेतला. सील उपटायला पाना आत घातला तोच मागून आवाज आला.

"काय चाललंय?"

दादा बनियनवर उभा होता. त्याने माझ्या हातातली बॅटरी घेतली, उकिडवा बसला, आत पाहिलं.

"हे कोणत्या गाढवाने बसवलं?"

"मी," मी म्हणालो.

मग त्याने मला जे झापलं, ते वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. हातोडी म्हणजे अक्कल नव्हे, स्प्रिंग तेलाकडे, किती वेळा सांगितलं, पाइपच जोडत बस जन्मभर. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मनात नाचत होतो. माझा दादा परत आला होता. त्याने मला बाजूला ढकललं, उलटं सील उपटलं, दुसरं घेतलं, एकदाही न उलटता बरोबर बसवलं. दांडा आत सरकवताना हात जराही थरथरला नाही. चाक चढवून एक चक्कर मारून आलो. चाकामागे थेंबसुद्धा नव्हता.

मी वळलो तर त्याची मुलगी दारात होती. कधीपासून, कोण जाणे. मी धावतच गेलो. "बघितलंस ना? एक नंबर काम."

"बघितलं," ती म्हणाली. "कालही मी इथेच होते, काका. सील कुणी बसवलं, ते मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही." तिने आत दादाकडे पाहिलं. "हात शाबूत आहेत म्हणून उद्या कुणाची तरी गाडी करतील. तेव्हा तुम्ही असणार आहात का तिथे, 'माझं चुकलं' म्हणायला?"

तिने डोळे पुसले. "बुधवारची तिकिटं काढते," ती म्हणाली आणि वहिनीला सांगायला घरात गेली.

वर्कशॉपमध्ये दादा शीळ घालत पाने पुसून जागच्या जागी लावत होता. वर्षभरात मी त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"ठोक्या, उजव्या बाजूचंही सील जाणार लवकरच," तो म्हणाला. "गुरुवारी आण गाडी. आणि मला विचारल्याशिवाय हात लावू नकोस."

"नाही लावणार," मी म्हणालो.