दहापैकी सात

तिने फळ्यावर खडूने ७० लिहिलं आणि मागे गोदामात हशा पिकला.

"मॅडम, मागच्या महिन्यातही सत्तरच होते. कंबर मोडेस्तोवर कांदा उचलला, आणि थेंब नाही!"

ती वळली नाही. आकड्याखाली "उद्या दुपारनंतर पाऊस" एवढं लिहून तिने खडू ठेवला. शेतीसल्ल्याच्या कामावर येऊन तिला वर्ष झालं होतं. कार्यालयाने दिलेलं हवामानाचं ॲप ती रोज उघडायची आणि पावसाची शक्यता किती टक्के ते इथे येऊन लिहायची. तिच्यामागे सगळे तिला हवाबाई म्हणत, हे तिला ठाऊक होतं. आज बाहेर लख्ख ऊन होतं आणि साऱ्या शिवारात काढलेला कांदा वाळत पडला होता.

"मॅडम, पाऊस येणार की नाही, एक काय ते सांगा," कुणीतरी म्हणालं.

"एक सांगता येत नाही. म्हणून तर सत्तर लिहिलंय."

पुन्हा हशा. तेवढ्यात पुढच्या बाकावरून वकील उठले. कोर्टाची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. वाद घालण्याच्या हौसेमुळे हे नाव पडलं होतं. त्यांनी खिशातून लहानशी वही काढली, तशी माणसं सावरून बसली. आता हवाबाईची धडगत नव्हती.

"मॅडमला खोटं पाडायचं म्हणून मी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलंय," वकील म्हणाले. "कधी किती सांगितलं आणि पुढे काय झालं, सगळं."



"वर्षभरात मॅडमनी दहा वेळा सत्तर लिहिलं. त्यात सात वेळा पाऊस आला."

"म्हणजे तीनदा चुकल्या!" मागून आवाज आला.

"अरे, चुकल्या कुठे? दहातले तीन कोरडे जाणार, हे त्या आधीच सांगत होत्या. आपण ऐकलं नाही." वकिलांनी पानं उलटली. "वीस लिहिलं तेव्हा दहातून दोनदाच आला. मी तीन-तीनदा मोजलं. खोट सापडेना, राव."



"उद्याचं मलाही माहीत नाही," ती हळूच म्हणाली. "कोरडंही जाईल."

"जाऊ दे की. फुकट राबलो तर एक दिवस जाईल. भिजला तर वर्षाचा कांदा जाईल." वकिलांनी टोपी डोक्यावर दाबली. "मी निघालो उचलायला. ज्याला आभाळाकडे बघत बसायचंय त्याने बसावं."

आधी दोघे उठले, मग सगळेच. संध्याकाळपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून ट्रॉल्या फिरत राहिल्या. तीही गोणी धरायला उतरली. ऊन मात्र हटत नव्हतं. बारा वाजले, दोन वाजले. लोक घाम पुसत आधी वर बघत, मग तिच्याकडे. ती मान खाली घालून कांदा भरत राहिली.

सव्वातीनला डोंगराकडून गार वारा सुटला. शेवटची ट्रॉली वकिलांच्या शेडमध्ये शिरली आणि पत्र्यावर असा काही पाऊस कोसळला की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येईना. शिवारात एकही कांदा उरला नव्हता. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी रिकामी पाटी बडवली. मघापर्यंत तिच्याकडे संशयाने बघणाऱ्या एकाने आपला कोरडा टॉवेल तिच्या हातात दिला. तिने तो चेहऱ्यावर धरला आणि बराच वेळ काढला नाही.

पाऊस ओसरल्यावर वकिलीणबाई जवळ आल्या. दिवसभर त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. हात पुसून त्यांनी आपला मोबाइल पुढे केला.

"मॅडम, ते तुमचं मला यात घालून द्या. यांच्या फोनमध्ये नको, हे त्याच्याशीही भांडतील."

ती हसत हसत दाखवत गेली. कुठे दाबायचं, आकडा कुठे दिसतो. वकिलीणबाईंनी चष्मा सारखा करून स्वतःच बोट फिरवलं.

"उद्या चाळीस. परवा दहा." त्यांनी वाचलं.

मॅडम काही बोलणार, तोच त्यांनी फोन बंद केला आणि शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कांदा परवा बाहेर काढायचा. उद्या कुणी हात लावायचा नाही."

सगळ्यांनी वकिलांकडे पाहिलं.

"परवा तर परवा," वकील म्हणाले आणि ताडपत्रीची घडी घालायला वाकले.